पिल्लू मरते दोन दिवसांत, रोग राहतो वर्षभर



दरवर्षी दिवाळी उलटली की गावोगावी, तांड्यातांड्यांत कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. कुठे कुटाराच्या ढिगात, कुठे मोडक्या बंडीखाली, कुठे शाळेच्या व्हरांड्यात. संक्रांतीपर्यंत ती अंगणभर धावू लागतात. लेकरे त्यांची बारशी करतात, आपल्या भाकरीतला तुकडा त्यांना घालतात. आणि महाशिवरात्र यायच्या आत त्यातली बरीचशी दिसेनाशी होतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "रक्ताची हागवण लागली, दोन दिवसांत गेलं." त्याच्या पुढचे वाक्यही ठरलेले, "जाऊ द्या, दुसरं आणू."

आज लिहायचे आहे ते या "दुसरं आणू"बद्दल. कारण पुष्कळदा दुसरे आणलेले पिल्लूही त्याच अंगणात, तशाच हागवणीने जाते. मग तिसरे जाते. मग लोक म्हणतात, "आमच्या घराला कुत्रं लाभत नाही." लाभत नाही असे काही नसते. पहिले पिल्लू गेले, पण त्याचा रोग अंगणाच्या मातीतच राहिला, एवढाच त्याचा अर्थ. या रोगाचे नाव पार्वो. तो विषाणूचा रोग आहे. तो ओळखता येतो, टाळता येतो आणि वेळेत धावपळ केली तर पिल्लू वाचवताही येते. मात्र यातले काहीच "उद्या बघू" म्हणून होत नाही.

कुत्रे कशाला हवे?

काही वाचक म्हणतील, शेतमालाच्या भावाची, पावसाची, कर्जाची चिंता सोडून संपादक महाशयांना कुत्र्याचे काय पडले? प्रश्न रास्त आहे. पण हाच प्रश्न तुरीच्या वावरात रात्रभर जागलीला बसणाऱ्याला विचारून पाहा. रानडुकरांचा कळप आला, रोही शिरले, तर आधी कोण भुंकते? बकऱ्यांच्या कळपाशी रात्री कोण असते? मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या परिसरात तर कुत्र्याचे नाते आणखी जुने आहे. बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर लदेणी करीत. मुक्कामाला रानात उतरलेल्या त्या तांड्याची, बैलांची आणि मालाची राखण कुत्री करीत. लदेणी गेली, रेल्वे आली, ट्रक आले. कुत्रे मात्र तांड्यावर राहिले आणि आजही राखणच करते आहे.

पशुगणना होते तेव्हा कुत्र्यांचीही मोजणी होते. पण बैल, गाय, म्हैस, शेळी यांच्या आजाराला जशी घरात घाई होते, तशी कुत्र्याच्या आजाराला होत नाही. जनावरांसाठी सरकारी लसीकरणाच्या मोहिमा आहेत. लाळ्या-खुरकताची लस दारात येते. पार्वोची लस अशा मोहिमेत नाही. ती आपली आपणच आणून टोचून घ्यावी लागते. म्हणूनच या रोगाची माहिती आपल्यालाच असली पाहिजे.

रोग आला कुठून?

पार्वो हा काही पिढ्यान् पिढ्यांचा रोग नाही. जुन्या जाणत्यांना तो आठवणार नाही, कारण त्यांच्या तरुणपणी तो नव्हताच. मांजरांतल्या एका जुन्या विषाणूशी नाते सांगणारा हा विषाणू १९७८ साली जगाच्या नजरेस आला आणि दोन वर्षांच्या आत जगभर पसरला. आपल्या देशातून त्याची नोंद १९८२ साली झाली. तेव्हापासून तो इथेच आहे आणि अधूनमधून रूप बदलत आला आहे. आपल्या शेजारच्या अमरावती शहरात २०२२ च्या जानेवारीत मोकाट कुत्र्यांत पार्वोची साथ पसरल्याच्या आणि रोज कुत्री दगावत असल्याच्या बातम्या होत्या. महिना जानेवारीचाच होता, हे ध्यानात ठेवा. पावसाळा संपता संपता कुत्र्या माजावर येतात, हिवाळ्यात वितात आणि जानेवारी-फेब्रुवारीत गावात दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांची गर्दी होते. रोगाला हवे असते तेच कोवळे वय.

हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून आणि ओकारीतून बाहेर पडतो. पिल्लू आजारी दिसू लागण्याच्या आधीपासूनच तो विष्ठेत येऊ लागतो आणि पिल्लू बरे झाल्यावरही दीड-दोन आठवडे येत राहतो. दुसऱ्या पिल्लाने ती जागा हुंगली, चाटली की झाले. आजारी कुत्रे तुमच्या दारी यायलाही नको. चपलेच्या तळव्याला, गाडीच्या चाकाला, पाण्याच्या भांड्याला, साखळीला, कुत्र्याला हात लावून आलेल्या माणसाच्या हाताला चिकटून तो घरात येतो. सावलीच्या, ओलसर मातीत तो कित्येक महिने, अगदी वर्षभरही तग धरतो. आपल्याकडच्या कडक उन्हाने त्याचा जोर कमी होतो, पण नुसत्या उन्हावर भरवसा ठेवू नये.

पोटात गेलेला विषाणू दोन ठिकाणी घाव घालतो. एक, आतड्याचे आतले अस्तर. ते सोलून निघते, म्हणून रक्ताची हागवण लागते. दुसरे, हाडातला मगज. तिथे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होतात, त्यांची वाढच थांबते. म्हणजे कुंपण तोडले आणि राखणदारही मारला, अशी गत होते. मग आतड्यातले साधे जंतूदेखील रक्तात शिरतात. पिल्लू मरते ते अंगातले पाणी संपून आणि या दुसऱ्या जंतूंच्या माऱ्याने.

ओळखायचे कसे?

सहा आठवडे ते सहा महिने या वयाच्या पिल्लांना धोका सर्वांत जास्त. मोठ्या, लस न टोचलेल्या कुत्र्यालाही होऊ शकतो, पण पिल्लू तग धरत नाही. रोग अंगात शिरल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसतात, कधी दोन आठवडेही लागतात. क्रम बहुधा असा असतो.

पहिल्या दिवशी पिल्लू गप्प होते. काल चपला पळवणारे पिल्लू आज कोपऱ्यात बसून राहते. भाकरी हुंगते आणि तोंड फिरवते. अंग गरम लागते. हाच दिवस सर्वांत मोलाचा आणि हाच आपण वाया घालवतो. "भूक नसंल, उद्या खाईल" म्हणतो.

मग ओकारी सुरू होते. आधी खाल्लेले पडते, नंतर फेसाळ, पिवळसर पाणी. पाणी पाजले तरी तेही उलटते.

त्यानंतर हागवण. आधी पातळ, पिवळट-राखाडी, मग तांबूस किंवा काळपट रक्त मिसळलेली. तिला एक विशिष्ट, नकोशी दुर्गंधी असते. एकदा तो वास घेतलेला माणूस पुन्हा विसरत नाही.

शेवटी पिल्लू सुकते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. निरोगी पिल्लाची कातडी लगेच जागेवर बसते. पाणी आटलेल्या पिल्लाची घडी तशीच उभी राहते. हिरड्या कोरड्या आणि पांढुरक्या पडतात, डोळे खोल जातात. गरम असलेले अंग थंड पडू लागले तर समजा की वेळ फारच थोडी उरली आहे. लक्षणे दिसू लागल्यापासून दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाऊ शकते. आईचे दूध पिणाऱ्या अगदी लहान पिल्लांत कधी कधी हा विषाणू काळजावर जातो. तेव्हा हागवणही लागत नाही, खेळते पिल्लू अचानक मरून पडते.

विष घातले की रोग?

आता जरा नाजूक गोष्ट. गावात एका पाठोपाठ एक पिल्ले मेली की पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. "कोणी तरी थायमेट घातलं बाप्पा!" यावरून बांधावरची जुनी भांडणे उकरून निघतात, बोलाचाली होते, प्रकरण पोलीस पाटलापर्यंत जाते. विष घालणारे लोक नसतात असे नाही. पण आरोप करण्याआधी थोडे पाहा.

शेतातल्या कीटकनाशकाची विषबाधा तासाभरात, फार तर काही तासांत दिसते. तोंडाला फेस, लाळ, थरथर, झटके येतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. लहान-मोठी सगळीच कुत्री त्यात सापडतात. पार्वोत पिल्लू दिवसभर आधी मलूल असते, झटके बहुधा नसतात, हागवणीची दुर्गंधी असते आणि पिल्लेच जास्त जातात. शंका राहिली तर पशुवैद्यकाला दाखवा. विष्ठेच्या तपासणीचे छोटे किट असते. त्यावर थोड्या वेळात पार्वो आहे की नाही ते कळते. एक तपासणी दोन घरांचे वैर वाचवू शकते.

रक्ताची हागवण जंतांनीही होते, तीही डॉक्टरच ठरवतील. नाका-डोळ्यांतून घाण, खोकला आणि नंतर पाय-जबड्याला झटके असतील तर तो डिस्टेंपर असू शकतो. पण एका गोष्टीत चूक परवडणार नाही. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, ओळखीच्या माणसावर धावते आहे, तर ते पिसाळलेले समजा. "घशात हाड अडकलं असंल" म्हणून तोंडात हात घालू नका. चावले, ओरखडले किंवा लाळ जखमेला लागली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

पार्वो मात्र माणसाला होत नाही. गाई-म्हशींना, बकऱ्यांना होत नाही. म्हणून भिऊन पिल्लाला गावाबाहेर नेऊन सोडू नका. तसे केलेत तर रोगच दुसऱ्या गावाला नेऊन दिलात असे होईल. आणि फक्त गावालाच नाही. कोल्हे, लांडगे हे कुत्र्याच्याच जातकुळीतले. त्यांनाही हा रोग होऊ शकतो. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यासारखी राने आपल्याच जिल्ह्यात आहेत. गावाचा रोग रानात जाता कामा नये.

पहिल्या दिवशी काय करावे?

लस न टोचलेले पिल्लू, खाणे बंद आणि एकदा जरी ओकारी झाली, तर हागवणीची वाट पाहू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मानोरा, कारंजा, दिग्रस, जे जवळ आणि सोयीचे असेल ते. जनावरांच्या सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, त्यावरही विचारून घ्यावे. दवाखान्यात शिरण्याआधी "पार्वो असावा" असे बाहेरूनच सांगा, म्हणजे डॉक्टर तुमचे पिल्लू इतर पिल्लांपासून वेगळे ठेवतील.

या विषाणूला नेमके मारणारे औषध आपल्या दवाखान्यांत नाही. मग डॉक्टर काय करतात? शिरेतून सलाईन देऊन गेलेले पाणी आणि क्षार भरून काढतात, ओकारी थांबवणारे इंजेक्शन देतात, दुसऱ्या जंतूंसाठी प्रतिजैविक देतात, पिल्लाला ऊब देतात. म्हणजे पिल्लाचे शरीर रोगाशी लढेपर्यंत त्याला जगते ठेवतात. हे एका सलाईनचे काम नाही. तीन-चार दिवस, कधी आठवडाभर जावे लागते. पहिल्या सलाईनने पिल्लू जरा उठून बसले की लोक दुसऱ्या दिवशी जात नाहीत आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू जाते. उपचार न मिळालेल्या पिल्लांपैकी दहात नऊपर्यंत दगावतात. वेळेवर आणि पुरता उपचार मिळाला तर दहात सात-आठ वाचू शकतात. हा फरक फक्त वेळेचा आहे.

दवाखान्यात जाईपर्यंत पिल्लाला कोरड्या गोणपाटात गुंडाळून उबेला ठेवा. ओकारी होत असताना जबरीने पाणी, ताक, काढा पाजू नका. श्वासनळीत गेले तर फुप्फुसाचा दाह होतो. ओकारी थांबलेली असेल तरच साखर-मिठाचे पाणी चमचा-चमचा द्यावे. दूध देऊ नका. कांद्याचा रस देऊ नका. कांदा कुत्र्याला विषारी असतो. घरात पडलेली तापाची, अंगदुखीची, हागवण बंद करायची माणसांची गोळी तर मुळीच नको. त्या गोळीने बरे व्हायचे पिल्लूही मरू शकते.

खर्चाचे बोलावे लागेल. पाच-सहा दिवसांच्या सलाईनचा आणि जाण्यायेण्याचा खर्च हातावर पोट असणाऱ्याला जड जातो, हे खरे आहे. तो जमला नाही म्हणून कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच लसीचा विचार आधी करायचा. लसीचा खर्च त्याच्यापुढे कितीतरी कमी आहे.

लस तीन वेळा का?

"एकदा टोचली होती, तरी मेलं." ही तक्रार खूप ऐकू येते. लस खोटी होती असे प्रत्येक वेळी नसते. त्याचे कारण गोठ्यातल्या माणसाला लगेच समजेल. वासराला पहिला चीक मिळाला की त्यातून आईची रोगप्रतिकारशक्ती त्याच्या अंगात जाते. कुत्र्याच्या पिल्लाचेही तसेच. आईच्या चिकातून आलेली ही शक्ती पिल्लाला पहिले काही आठवडे वाचवते, पण तीच शक्ती लसीलाही निकामी करते. ती एका पिल्लात सहाव्या आठवड्यात संपते, दुसऱ्यात बाराव्या, तिसऱ्यात त्याहून उशिरा. कधी संपली ते बाहेरून कळत नाही. म्हणून लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करायची, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पुरे झाल्यावर द्यायचा. पुढे वर्षाच्या आत एक बूस्टर आणि नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. पहिला डोस देऊन थांबणे म्हणजे पेरणी करून कुंपण अर्धेच घालण्यासारखे आहे.

औषधाच्या दुकानात ही लस 'सेव्हन इन वन', 'नाईन इन वन' अशा नावांनी मागतात. तीत पार्वोबरोबर डिस्टेंपर आणि इतर रोगांचीही लस असते. रेबीजची लस वेगळी, तीही वयाच्या तीन महिन्यांनंतर टोचलीच पाहिजे. लस दोन ते आठ अंश थंडाव्यात राहावी लागते. ती खिशात घालून मोटारसायकलवर उन्हातून आणली तर पाणी टोचल्यासारखेच होईल. थर्मासात बर्फ घालून आणा. आजारी पिल्लाला लस टोचू नये. आणि लसीआधी जंताचे औषध द्या. दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने, वजन पाहून. पोटात जंत असलेले पिल्लू पार्वोत लवकर ढासळते.

अंगणाची सफाई

फिनाईल शिंपडून पार्वो जातो असा समज आहे. फिनाईलच्या वासाने आपले समाधान होते, पण या विषाणूवर त्याचा भरवसा नाही. साबणाने तो धुऊन निघतो, मरत नाही. तो मरतो क्लोरीनने आणि क्लोरीन तर आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत असते. पिण्याच्या पाण्यात टाकायची टीसीएल पावडर म्हणजे तीच.

आधी विष्ठा, ओकारी, घाण पूर्ण उचलून जागा धुऊन घ्या; घाणीवर टाकलेले क्लोरीन वाया जाते. मग दहा लिटरच्या बादलीत ताज्या टीसीएलचे साधारण १०० ग्रॅम घालून ढवळा, निवळू द्या आणि ते पाणी फरशीवर, सिमेंटवर, भांड्यांवर, साखळीवर टाका. किमान दहा मिनिटे ओले राहू द्या, नंतर साध्या पाण्याने धुवा. हे पाणी पिल्लाच्या अंगावर ओतू नका, ढोरांच्या गव्हाणीत जाऊ देऊ नका. त्यात अॅसिड किंवा फिनाईल मिसळू नका. विषारी वायू होतो. नाक-तोंडाला रुमाल बांधा आणि काम मोकळ्या हवेत करा. वर्षभर उघड्या पडलेल्या, वास गेलेल्या पावडरीत दम नसतो.

मातीचे, शेणाने सारवलेले अंगण मात्र असे पुरते साफ होत नाही. तिथे घाण पडलेल्या जागेची वरची माती खरवडून खड्ड्यात पुरावी आणि त्या अंगणात वर्षभर लस पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये. आणायचेच तर सोळा आठवड्यांपुढचे, लसी पूर्ण झालेले किंवा मोठे कुत्रे आणा. "दुसरं आणू"चे खरे उत्तर हे आहे.

आजारी पिल्लाची देखभाल घरातल्या एकाच माणसाने करावी, त्याची चप्पल वेगळी ठेवावी, हातपाय साबणाने धुवावेत. बरे झालेले पिल्लूही दोन आठवडे इतरांत सोडू नये. मेलेले पिल्लू उकिरड्यावर किंवा नाल्यात फेकू नका. विहीर, बोअर, नाल्यापासून दूर, कंबरभर खड्डा करून पुरा, म्हणजे दुसरी कुत्री उकरणार नाहीत.

ग्रामपंचायतीने काय करावे?

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर इथे आहे. १५ फेब्रुवारीला सेवालाल जयंती, चैत्रात रामनवमीची यात्रा. देशभरातले तांडे इथे येतात, लाखोंची गर्दी होते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाल्यापासून यात्रेखेरीज पाहुण्यांना इथे येण्याचे आणखी एक निमित्त झाले आहे. गर्दी आली की उष्टे-खरकटे आले, त्यावर चारी वाटांची कुत्री आली. त्यात हजारो चपला आणि हजारो चाके. एका गावचा रोग शंभर गावांना जायला याहून सोपी वाट नाही.

आणि हिशोब पाहा. डिसेंबरच्या सुरुवातीला जन्मलेले पिल्लू जानेवारीच्या मध्यास सहा आठवड्यांचे होते आणि मार्चअखेर सोळा आठवड्यांचे. म्हणजे संक्रांतीला लस सुरू केली तर रामनवमीच्या सुमारास ती पूर्ण होते. वेळ नेमकी आहे. कुणीतरी हलले पाहिजे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तांड्याचे नायक-कारभारी यांनी जानेवारीत गावातल्या पिल्लांची साधी यादी करावी. शाळेतली मुले ती एका दिवसात करून देतील. एका पिल्लासाठी लस मागवणे जड जाते, वीस पिल्लांसाठी एकत्र मागवणे सोपे. बर्फाच्या पेटीत लस आणून एक दिवस ठरवून पशुवैद्यकाला गावात बोलवावे आणि पुढच्या दोन तारखा त्याच दिवशी फळ्यावर लिहून टाकाव्यात. मात्र त्या दिवशी आजारी पिल्लू तिथे आणायचे नाही. नाही तर लसीची जागाच रोगाची जागा होईल. जलसुरक्षकाला टीसीएलची एक वेगळी पिशवी द्यावी. पिण्याच्या पाण्याच्या साठ्याला हात लावायचा नाही. यात्रेच्या दिवसांत खरकट्यासाठी झाकणाच्या टाक्या आणि मेलेल्या जनावरांसाठी गावाबाहेर ठरलेली जागा असावी.

मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, असे केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत सांगितले आहे. त्याचा पाठपुरावा तालुक्याला आणि जिल्ह्याला करावा. दरवर्षी शेकड्यांनी पिल्ले जन्मायची आणि रक्त हागून मरायची, यात ना कुत्र्याचे भले आहे, ना गावाचे. थोडी पण निरोगी, लस टोचलेली कुत्री असणे केव्हाही चांगले. एखादी साथ वाटली, एका आठवड्यात पाच-सहा पिल्ले गेली, तर ते पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपण कळवलेच नाही, तर तिथल्या जाणकारांना आपल्या गावातला रोग कळणार तरी कसा?

वाचकहो, यात अवघड असे काही सांगितलेले नाही. पिल्लू घरी आले की जंताचे औषध, मग तीन लसी. गप्प झाले, ओकले की त्याच दिवशी दवाखाना. गेलेच तर खोल खड्डा, टीसीएल आणि वर्षभर धीर. शेतात किडीची पहिली अळी दिसली की आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. रात्री आपल्या जागलीला साथ देणाऱ्यासाठी एवढी घाई एकदा करून पाहा. यंदाच्या संक्रांतीला तीळगूळ वाटता वाटता शेजाऱ्याला इतकेच विचारा, "पिल्लाला लस टोचली का जी?"